बबनच्या नावावरचा सीझन

१७ नोव्हेंबर १९९६, रविवार

महिपती येऊन गेला. एके काळी वालधुनी इलेव्हनचा कॅप्टन! आता पोट सुटलंय. मोटारसायकल दारात लावतानाच धापा टाकत होता. बसायच्या आधी म्हणाला, "रामभाऊ, आपल्या त्या सीझनला दहा वर्षं झाली की! पुढच्या महिन्यात मैदानावर कार्यक्रम ठेवलाय. बबनचा सत्कार. मानपत्र तुम्हीच लिहायचं — कवितेत!"

बबनचा.

मी विचारलं, "गोल कुणी मारले, महिपती?"

तो आपल्या चपलांकडे बघत हळूच म्हणाला, "तुम्हाला माहीत, मला माहीत, सगळ्या वस्तीला माहीत. पण पेपरात नाव कुणाचं आलं?"

अंजनाने चहाचा कप त्याच्यापुढे आदळला. मुद्दाम आदळला.

१९ नोव्हेंबर

सकाळपासून तो सीझन डोळ्यांपुढून हलत नाही.

शहाऐंशी साल. जिल्ह्याच्या लीगचा सगळ्यात खालचा गट. जयदेव — माझा जयदेव — आदल्या वर्षी उल्हासनगरला कॅम्प पाचच्या एका टीमकडून खेळला होता. परत आपल्या पोरांत यायचं म्हणाला, तर तिथला सेठ एनओसी देईना. मी स्वतः गेलो होतो हात जोडायला. त्याने लस्सी पाजली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "अरे साईं, लडका बेंच पे बैठेगा, पर रहेगा हमारा!" झालं. पोराचा अख्खा सीझन बसला असता.

आमच्या टीममध्ये बबन होता. रखमाबाईचा पोरगा, दोन घरं सोडून. प्रॅक्टिसला सगळ्यांच्या आधी हजर. पण बॉल आला की पाय इकडे आणि बॉल तिकडे! महिपतीनेच तोडगा काढला — बबनच्या कार्डावर जयदेव खेळेल. खालच्या गटात कार्डावरचा फोटो कोण निरखून बघतो? सगळ्याच टीम करायच्या असलं.

मग वस्तीला शिकवावं लागलं. बॉल जयदेवच्या पायात आला की ओरडायचं, "बबन! बबन!" पहिल्या मॅचला एकाने "जय—" म्हणून तोंड उघडलं, तर शेजारच्याने त्यावर पंजाच ठेवला. आणि खरा बबन? लाइनबाहेर पाण्याची बादली घेऊन उभा, आणि स्वतःच्याच नावाने सगळ्यांत मोठ्याने बोंबलायचा! काय हसायचो आम्ही.

अंजना मैदानावर कधी आली नाही. "पोराला कुणी पाडलं तर मला बघवायचं नाही," म्हणायची. मैदान घरामागेच. चुलीपाशी बसून ऐकायची. मी घरी आलो की सांगायची, "आज बबन लई वेळा झाला!"

२२ नोव्हेंबर

सातवीपर्यंतची माझी शाळा. पण गुरुजींनी वृत्तं अशी घोटून घेतली की आजही चालताना पाय लघू-गुरूत पडतात. जयदेव उजव्या कडेने निघाला की मला भुजंगप्रयात ऐकू यायचा. साप जातो तसा — इकडे झुकला असं वाटावं, तर तिकडून पार!

आज कागद घेऊन बसलो.

कडेने कडेने निघे वायुवेगी
तयाच्या पुढे कोण राहील जागी

छान उतरल्या दोन ओळी. खूप वर्षांनी उतरल्या. तिसऱ्या ओळीत नाव घालायला गेलो आणि लेखणी थांबली. खरं सांगायचं तर वृत्तात दोघांपैकी कुणीच बसत नाही. ना बबन, ना जयदेव.

कागद तसाच ठेवला.

२३ नोव्हेंबर

गुडघे. दुसरं काही नाही.

२६ नोव्हेंबर

आज बबनच आला. आता डोक्यावरचे केस विरळ झालेत. दाराबाहेरच चपला काढून उभा. "ये की आत," मी म्हटलं. आत आला, पण खुर्चीवर बसला नाही. खाली बसला, भिंतीला टेकून, पूर्वी जयदेवशेजारी बसायचा तिथेच.

"काका, हा सत्कार मी मागितला नाही. शपथेवर सांगतो."

"मग?"

"फॅक्टरीत चौकशी लागलीय. स्पोर्ट्सवर भरती झालेल्यांची. एक जण मागंच लागलाय माझ्या — म्हणतो, हा कधी खेळलाच नाही. महिपती म्हणतो, गावात सत्कार झाला, पेपरला फोटो आला, की ते गप बसतील." मग म्हणाला, "दोन पोरी आहेत हो मला. आई अंथरुणाला."

अंजना आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही.

त्याची नोकरी! तेही लिहून ठेवतो. टीम वरच्या गटात गेली, पेपरात गोल मारणाऱ्याचं नाव छापून आलं, आणि एका फॅक्टरीचा माणूस बबनला शोधत वस्तीत आला. त्यांना टीमसाठी पोरगा पाहिजे होता. बबन घाबरून जयदेवकडे पळत आला. मी तिथेच होतो. जयदेव हसला. म्हणाला, "जा ना बे! पहिल्या दिवशी गुडघा धरून बस, मग देतील कुठंतरी स्टोअरमध्ये. माझं काय, मी पुढच्या वर्षी माझ्या नावावर मारेन." आणि झालंही तसंच. बबन गुडघा धरून बसला तो आजतागायत स्टोअरमध्ये आहे.

जयदेवचं ते पुढचं वर्ष आलंच नाही. सेठने सोडलं नाही ते नाहीच. तीन वर्षांनी बदलापूरला एका केमिकल कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागला. टाकी साफ करायला आत उतरला. आत वायू होता.

पेपरात आलं होतं. दोन ओळी. 'एक कामगार मृत.'

तिथेही नाव नव्हतं.

१ डिसेंबर, रविवार

आज मैदानावर जाऊन बसलो. गवत नाहीच, आधीही नव्हतं. पोरं क्रिकेट खेळत होती.

शेवटची मॅच आठवली. बरोबरी झाली तरी आम्ही वर जाणार, हरलो तर पुन्हा तोच गट. आणि समोर कोण? कॅम्प पाच! ते जयदेवला आईसारखे ओळखणार. त्याला उतरवणं शक्यच नव्हतं. महिपती डोकं धरून बसला. शेवटी म्हणाला, "बबनच्या कार्डावर आज बबन खेळेल."

बबनचा चेहरा पांढराफटक! शर्टसुद्धा उलटा घातला होता त्याने. जयदेव माकडटोपी घालून, शाल गुंडाळून गोलमागे माझ्याजवळ उभा. शिट्टी वाजली. आणि मग गंमत झाली — कॅम्प पाचने पेपरात वाचलेलं होतं ना! 'बबन, बबन' ऐकून त्यांचे कान किटलेले. बबन जिकडे जाईल तिकडे त्यांचे तीन-तीन बॅक त्याच्या मागे. तो बिचारा बॉलपासून जीव घेऊन पळतोय, आणि त्यांना वाटतंय काहीतरी डाव आहे! तो कॉर्नरच्या झेंड्यापाशी गेला, तर तेही गेले. तो बुटाची नाडी बांधायला बसला, तर तिघेही भोवती उभे. मधलं मैदान मोकळं! महिपती सरळ आत शिरला आणि मारला. एक-शून्य.

जयदेव टोपीतून ओरडला — "बबन! बबन!" बॉल बबनपाशी नव्हताच, तरी. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. मॅच संपल्यावर त्याने बबनला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या मैदानाला फेरी मारली.

तो तसाच दिसतो मला. खांद्यावर दुसऱ्याला घेतलेला.

६ डिसेंबर

दादरला गेलो नाही. पहिल्यांदाच चुकलं. पाय साथ देत नाहीत. घरीच फोटोपुढे मेणबत्ती लावली, वंदना म्हटली.

नंतर अंजना म्हणाली, "एक मागू?" सात वर्षांत तिने काही मागितलं नाही. "त्या दिवशी माइकवर एकदा आपल्या पोराचं नाव घ्या. एकदाच. मी पुढं बसून ऐकीन."

"बबनच्या पोरींचं काय?" मी म्हटलं.

"ते मला नका विचारू. तुम्ही कवी आहात ना? काढा काहीतरी वाट."

१२ डिसेंबर

वाट सापडली! कविता नको. गोल नकोत. फक्त ती शेवटची मॅच लिहायची, ती तर खरोखरच बबनची. म्हणजे एक अक्षर खोटं नाही, आणि बबनही वाचतो. सगळं एका दमात लिहून काढलं. वाचताना मलाच हसू आलं.

अंजनाला वाचून दाखवलं नाही. का, ते लिहीत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

झाला कार्यक्रम.

मांडव, भाड्याच्या खुर्च्या. महिपती माइकवर "चेक, चेक" करत होता. पेपरवाला फोटोग्राफर आला होता. अंजना बायकांत पहिल्या रांगेत — निळ्या काठाची पांढरी साडी, दादरला जाताना नेसते तीच.

मी वाचलं. लोक मनापासून हसले. तीन बॅक, नाडी, उलटा शर्ट. म्हातारे एकमेकांना कोपरखळ्या मारत होते. बबन मान खाली घालून बसला होता. महिपती मागून कुजबुजला, "गोल! रामभाऊ, गोलांचं वाचा!" मी कागदाची घडी केली. तेवढ्यात मला ती दिसली. अजून वाट बघत होती. मान थोडी पुढे काढलेली, ऐकू कमी येतं म्हणून.

माइक माझ्या हातातच होता. एक नाव. तेवढंच.

मी माइक बबनकडे दिला.

मनात आलं, हा घेईल. मी नाही तर हा तरी. तो उभा राहिला. ओठ हलले. मग — "थँक्यू. सगळ्यांना थँक्यू." आणि बसला.

टाळ्या पडत असतानाच अंजना उठली. खुर्च्यांमधून वाट काढत गेली. कुणाकडे बघितलं नाही.

घरी आलो. म्हटलं, "एक शब्द खोटा नव्हता त्यात."

"खरा तरी कुठं होता?" ती म्हणाली.

१६ डिसेंबर

बोलत नाही.

१९ डिसेंबर

पेपरात फोटो आला. बबनच्या गळ्यात हार, शेजारी टाळ्या वाजवणारा मी. महिपती सांगून गेला, "रामभाऊ, आता फॅक्टरीतली चौकशी बारगळणार. तुम्ही एक घर वाचवलंत!"

वाचवलं असेल. ताटात भाकरी येते, पाणी येतं. शब्द येत नाही. जयदेव गेला तेव्हा आम्ही दोघं एकत्र रडलो होतो. आता ती आत, मी बाहेर. लहानपणच्या कविता आठवून बघतो, ओळी अर्ध्यावरच सुटतात.

२३ डिसेंबर, सोमवार

शनिवारी बबनने साहेबांपुढे उभं राहून सगळं सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. जयदेवचं नाव, बापाचं नाव, पत्ता — सगळं. आज सकाळी त्याला गेटवरच अडवलं. दुपारी महिपती रडत सांगून गेला.

अंजना ऐकता ऐकता खाली बसली. "मी नाव मागितलं होतं हो," म्हणाली. "नोकरी नव्हती मागितली."

मग उठून रखमाबाईकडे गेली. तिथे तिच्याशी कुणी बोलत नाही म्हणतात. तरी चुलीपुढे बसून भाकऱ्या थापतेय.