कामासाठी उपलब्ध

रविवार, १६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

आम्ही सगळे बरे आहोत. तू बरी असशील आणि भाऊजींची गुडघेदुखी थंडी सरल्यावर थोडी नरमली असेल, असं धरून चालतो. पत्र पाहून घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि आमच्याकडे फोन बाबांच्या उशाशी असतो, म्हणून लिहायला बसलोय. बाबांचा आत्ताच डोळा लागलाय.

त्यांची कॉट खिडकीपाशी लावली तेव्हापासून आम्ही दोघं स्वयंपाकघरात झोपतो. पाय ओट्याखाली जातात. तुझी भावजय म्हणते, निदान सकाळी उठून स्वयंपाकघरात जायचे कष्ट वाचले.

बाबांचा उजवा हात अजून तसाच आहे. बोलणं मात्र सुधारलंय. शब्द जड येतात, पण येतात, आणि जो यायचा तोच येतो. गेल्या आठवड्यात समोरच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली. लोकांचा आरडाओरडा चालला होता. बाबा पडल्या पडल्या आवाज ऐकून म्हणाले, "दोर नाही. दाराचा खटका." आणि खटकाच निघाला. जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पडून आहे. इस्पितळातून आणलं तेव्हा खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं होतं. त्यानंतर ते खाली उतरलेले नाहीत.

आमच्याकडे मोजणीच्या बाई येतात, हे तुला सांगितलं होतं का? सरकारी पाहणी असते, किती लोकांना काम आहे आणि किती बेकार आहेत याची. काही घरं निवडतात आणि वर्षभर त्याच घरांना दर तीन महिन्यांनी जाऊन तेच प्रश्न विचारतात. आमचं घर निघालं. खाली दुकान असलेला टायरवाला म्हणाला, नशिबात सोडत कधी लागली नाही, ही लागली.

पहिल्यांदा त्या आल्या तेव्हा कारखाना नुकताच बंद झाला होता. आधी ओव्हरटाइम गेला, मग रात्रपाळी, मग एका सोमवारी गेटला कुलूप. लोक फ्रिजच घेईनात, तर फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी सरकवून रबर घट्ट बसलंय का ते बघणारा माणूस कशाला पोसतील? बाईंनी मला विचारलं, गेल्या सात दिवसांत कमाईसाठी एक तास तरी काम केलंत का? काम शोधलंत का? मिळालं असतं तर करायला उपलब्ध होतात का? मी म्हटलं, नाही, हो, हो. म्हणजे मी बेरोजगार. खरं सांगू, ऐकून बरं वाटलं. या माणसाला काम हवंय, हे कुणीतरी लिहून घेतलं.

दुसऱ्या खेपेला वेगळीच गंमत झाली. खालच्या टायरवाल्याचा मेहुणा गावाला गेला होता, म्हणून त्या आठवड्यात मी एक दुपार त्याच्याकडे पंक्चर काढायला बसलो होतो. त्याने थोडे पैसे हातावर ठेवले. ते ऐकून बाई म्हणाल्या, "मग तुम्ही रोजगारात."

"अहो मॅडम, एक दुपार."

"एक तासही पुरतो. व्याख्याच तशी आहे."

आतून ही म्हणाली, "अभिनंदन."

बाई वाईट नाहीत गं. तीन मजले चढून येतात, पाणी मागायलाही संकोचतात, आणि त्या स्वतः सहा महिन्यांच्या करारावर आहेत. मी जरा हुज्जत घातली तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "रेघ कुठेतरी मारावीच लागते. तुमची दया येऊन मी ती इकडे सरकवली, तर दुसरीकडची बाई तिकडे सरकवेल. मग मोजल्याला अर्थ काय?" मला पटलं. दाराचं रबर सैल की घट्ट, ते आम्हीही मनाने ठरवत नव्हतो.

तिसऱ्या खेपेला बाबा इस्पितळातून घरी आले होते. काम शोधलंत का? नाही. का नाही? मी कॉटकडे हात केला. मिळालं असतं तर करू शकला असतात? मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

त्या म्हणाल्या, "काम नाही, शोधतही नाही, उपलब्धही नाही. मग तुम्हाला बेरोजगार धरत नाहीत. तुम्ही श्रमशक्तीच्या बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"म्हणजे शिकणारे, म्हातारे, घर सांभाळणारे. त्यांच्यात."

पुढे थोड्या दिवसांनी टीव्हीवर सांगितलं की मंदी असूनही बेकारी जराशी उतरली. मी औषधं आणायला खाली गेलो तर टायरवाला म्हणाला, "बेकारी कमी झाली म्हणे रे. तूच कमी झालास वाटतं." मी हसलो. दुसऱ्या मजल्यापर्यंत हसू टिकलं.

तू दर फोनला म्हणतेस, बरं झालं, तू घरीच असतोस, बाबांची आबाळ होत नाही. ताई, तू चांगल्या मनाने म्हणतेस, पण ते मला लागतं. माझी धाव कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. त्यापुढे पाऊल टाकलं की वाटतं, बाबांना पाणी हवं असेल, लघवी लागली असेल, एकट्याने उठायला गेले असतील. परत येतो तर ते खिडकीकडे बघत पडलेले असतात. मग मीही खिडकीकडे बघत बसतो. समोर एक भिंत आहे आणि भिंतीवर एक पाइप. त्या पाइपाचं गळणं मी आता पाठ म्हणू शकेन.

हिने इस्पितळाच्या लाँड्रीत काम धरलंय, हे तुला माहीत आहे. दोन पाळ्या करते हे माहीत नसेल. चादरी उकळत्या पाण्यातून काढून बोटांची सालं गेलीत. मला कधी एका शब्दाने बोलत नाही. बोलली असती तर मला भांडायला तरी मिळालं असतं.

हे वाचून तुला वाटेल, बाबांच्या दुखण्याने बिचारा अडकला. पाहुण्यांत सगळे तसंच म्हणतात आणि मी म्हणू देतो.

पण बाबा आजारी पडायच्या आधीच मी काम शोधायचं सोडलं होतं. एका गोदामात हिशेबनिसाची की कसलीशी एकच जागा होती, तिथे माणसांची रांग रस्त्याला वळसा घालून गेली होती. आमच्या कारखान्यातले निम्मे चेहरे त्या रांगेत. कुणी कुणाला ओळख देत नव्हतं. दारावरचा रखवालदार अर्ज घेऊन एका खोक्यात टाकत होता, खोकं भरलं की पायाने दाबत होता. मी अर्ज दिला आणि घरी आलो. त्यानंतर कुठे गेलो नाही. घरात सांगायचो, उद्या एके ठिकाणी जायचंय. ही डबा भरून द्यायची. मी तो नदीच्या पुलाखाली बसून खायचो.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. मी रडलो, ते खरं. पण त्या दिवसापासून "आज कुठे जाऊन आलास" असं मला कुणी विचारेनासं झालं, आणि माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, हेही तितकंच खरं. बाबांना पुसायचं, भरवायचं, कुशीवर वळवायचं. लोक म्हणायचे, मुलगा असावा तर असा. मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटायचा.

आता मंगळवारचं सांगतो. आमच्या जुन्या फोरमनसाहेबांचा फोन आला. दूरच्या गावी एक छोटा कारखाना आहे, औषधं आणि लशी न्यायच्या थंड पेट्या करतो. साहेब आता तिथे आहेत. म्हणाले, "इथे सगळं आहे, पण दार कळणारा माणूस नाही. पेटी गळते आणि का गळते ते कुणाला सापडत नाही. एक तारखेला येशील?" मी म्हटलं, "साहेब, वडिलांचं असं झालंय." ते म्हणाले, "विचार कर. आठ दिवस जागा धरून ठेवतो." फोन ठेवला आणि मी बाबांची चादर बदलायला घेतली. चादर सकाळीच बदललेली होती.

हिला सांगितलं नाही. काय सांगणार होतो? ती जा म्हणाली असती, मग मला जावं लागलं असतं. नको म्हणाली असती, तर दोष तिच्यावर गेला असता. आणि मला, ताई, भीती वाटत होती. नऊ-दहा महिने हातात पट्टी धरली नाही. तिथे जाऊन मलाही कळलं नाही, पेटी का गळते ते, तर?

काल मोजणीच्या बाई आल्या. चौथी खेप, शेवटची. टॅबलेट मांडीवर घेऊन बसल्या. काम केलंत? नाही. शोधलंत? नाही. मग त्यांनी विचारलं, "काम मिळालं असतं तर करायला उपलब्ध होतात का?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात कॉटवरून आवाज आला. "हो."

आम्ही दोघांनी वळून पाहिलं. बाबा डाव्या कोपरावर उठायला बघत होते. "हो लिहा. करू शकला असता."

बाई अवघडल्या. "आजोबा, उत्तर त्यांनीच द्यायचं असतं."

"तो खोटं देतोय."

बाईंचं बोट टॅबलेटच्या वर थांबलं होतं. मला म्हणाल्या, "काय लिहू?"

मी म्हटलं, "नाही लिहा."

त्यांनी लिहिलं. दुसरं काय करणार? जिन्याशी सोडायला गेलो तेव्हा चपला घालता घालता म्हणाल्या, "आता पुढच्या वेळेपासून दुसरं घर. तुमची पाळी संपली." आणि थोडं थांबून, "वडिलांना जपा. स्वतःलाही."

आत आलो. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी कुशीखाली उशी सरकवायला गेलो तर त्यांनी चांगल्या हाताने माझा हात झटकला.

"फोन ऐकला मी. मंगळवारी."



"माझ्याआड लपू नको."

एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला म्हणून सांगू. एकेक शब्द ओठांपर्यंत ओढून आणत होते. मी म्हटलं, "मी गेलो तर तुमचं कोण करणार? ही दिवसभर कामावर."

"दोन मुलं आहेत मला."

"ताईला विचारून बघतो."

"विचारू नको. सांग."

 त्यानंतर बाबा जेवले, पुरतं जेवले.

संध्याकाळी ही आली, तिला सगळं सांगितलं. पुलाखालच्या डब्यापासून सांगितलं. ती पर्स मांडीवर घेऊन तशीच ऐकत बसली. शेवटी म्हणाली, "फोन मंगळवारी आला?"

"हो."

"आज शनिवार."

बस, एवढंच. मग उठली, हात धुतले आणि माझ्यासमोर फोन आणून ठेवला. मी साहेबांना फोन केला, येतो म्हणून कळवलं. ते म्हणाले, "बरं झालं, मी दुसरा माणूस बघायला लागणार होतो." माझ्या आवाजात आनंद नव्हता, त्यांनाही कळलं असेल.  

तेव्हा ताई, मी विचारत नाही, सांगतो. येत्या रविवारी मी बाबांना घेऊन तुझ्याकडे येतोय. तुझं घर तळमजल्यावर आहे, मागे अंगण आहे, भाऊजी निवृत्त आहेत, मुलं आपापल्या मार्गाला लागली आहेत. तुझी पाठ दुखते, हेही मी विसरलेलो नाही. माझा पाय सुटेल तेव्हा तुझा अडकेल, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. तुझ्याही दारी कुणी मोजायला आलं तर तुला विचारतील, आणि तू म्हणशील, नाही, बाहेर पडता येत नाही. सहा महिने. तिथे तळमजल्यावर खोली मिळाली आणि हिला काही काम मिळालं, की त्यांना घेऊन जाईन. सहाचे आठ होऊ शकतात. नऊ होऊ देणार नाही.

घास डाव्या बाजूने द्यायचा, उजव्या गालात राहून जातो. पाणी एकदम नको, चमच्याने. सदऱ्याची बटणं त्यांची त्यांना लावू दे, कितीही वेळ लागला तरी. घाई केलीस तर चिडतात आणि मग दिवसभर बोलत नाहीत. अंघोळ मी घालतो तेव्हा डोळे मिटून घेतात. तुझ्यापुढे त्यांना अधिकच लाज वाटेल, तेवढं भाऊजींना करायला सांग.

हे पत्र बुधवार-गुरुवारपर्यंत पोचेल. तुला नाही म्हणायचं असेल तर शनिवारच्या आत म्हण, मला फोन करून म्हण, आणि हवं तेवढं बोल. मी मध्ये तोंड घालणार नाही. पण आम्ही दारात उभे राहिल्यावर म्हणू नकोस. त्यांना सगळं ऐकू येतं, ताई, ऐकून न ऐकल्यासारखं करतात तेव्हाही.

तुझा धाकटा