पितोस तू, तोंड माझं लाल

चि. मेहुणेबुवांस,

लाल तोंडाच्या भावोजींचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? (विचारायचं म्हणून विचारतो. तुझ्या तब्येतीला काय धाड भरलीय!) इकडे तुझी ताई बरी, तुझी भाची बरी, मी तेवढा कुणी दोन्ही गालांवर वाजवल्यासारखा दिसतो. रविवारी मुलाकडचे लोक घरी येणार, हे ताईनं तुला फोनवर सांगितलं असेलच. पोरांनी एकमेकांना पसंत केलंय, आता मोठ्यांनी एकमेकांना सहन करायचं तेवढं बाकी आहे. मुलाच्या आईचं ब्युटी पार्लर आहे. म्हणजे बाई माणसाच्या आधी त्याची कातडी बघणार. तिच्यासमोर बसणं मला का जड जाणार, ते जरा सविस्तर लिहितो.

मला जे झालंय त्याला रोझेशिया म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी चारदा सांगितलं तेव्हा कुठे नाव जिभेवर बसलं. नाकागालांवरच्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, चेहरा तापतो, पुटकुळ्या येतात. दारू पिणाऱ्याचा त्रास वाढतो म्हणे, पण न पिणाऱ्यालाही हा होतोच. आता हे मी गल्लीत कुणाकुणाला समजावू? गळ्यात पाटी अडकवून फिरू? जन्मात थेंबाला शिवलो नाही आणि न्हावीसुद्धा डोळा मारून विचारतो, 'काय साहेब, आज दुपारीच?' उलट तू (ताईसमोर बोलत नाही, पण आता लिहितोच) बारा महिने ढोसतोस, आणि तुझा चेहरा बघावा तर दुधानं धुतल्यासारखा. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

त्यात माझा धंदा गाडी शिकवायचा. शिकाऊ माणूस चाक धरून घामाघूम होतो, मी शेजारी दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून देवाचं नाव घेतो, आणि काचेतून ऊन थेट गालावर. तासाभरात टोमॅटो. मागच्या महिन्यात एका नव्या मुलीचे वडील मागच्या सीटवर बसून आले आणि वाटेत दोनदा पुढे वाकून माझा वास घेऊन गेले. (मला वाटलं, रस्ता सांगतायत.) मग मालकांनी तोडगा काढला आणि फुंकायचं यंत्र आणलं. आता रोज सकाळी गिऱ्हाइकांदेखत मी त्यात फुंकतो, यंत्र शून्य दाखवतं, आणि गिऱ्हाईक मालकांना म्हणतं, यंत्र बिघडलेलं दिसतंय. घ्या! मालकांनी परवापासून मला आतल्या खोलीत बसवलंय, भिंतीवरच्या तक्त्यावरून रस्त्याच्या खुणा शिकवायला. एकाही शिकाऊला आजवर खांबावर जाऊ दिलं नाही, त्याचं हे बक्षीस.

आणि आगीत तेल ओतलं कुणी? तूच. मागच्या खेपेला 'भावोजी, आठवड्यात गाल गुळगुळीत' म्हणून जी ट्यूब देऊन गेलास, तिनं आठवडाभर खरंच चमत्कार केला. तुझी ताई म्हणाली, माझा भाऊ एकदाचा कामाला आला. मग ट्यूब संपली आणि तोंड असं पेटलं की उशीसुद्धा सहन होईना. डॉक्टरीणबाईंनी रिकामी ट्यूब बघून कपाळावर हात मारला. त्यात स्टेरॉइड होतं, आणि या दुखण्यात ते तोंडाला फासायचंच नसतं म्हणे. तेव्हापासून घरात पथ्यं सुरू आहेत. साबण सौम्य, पाणी कोमट, तोंड पुसायचं नाही, नुसतं टिपायचं, बाहेर पडताना उन्हाचं क्रीम, रात्री जेल. तिखट बंद. चहा कोमट. कोमट चहा, मेहुणेबुवा! तो पिण्यापेक्षा बेअब्रू परवडली. शेवटचं पथ्य तर ऐकच: चिडायचं नाही. ज्याच्या शिकाऊंना डावं-उजवं कळत नाही त्याला हे सांगायचं! मधे शेजारीण म्हणाली, लिंबू चोळा. तेही चोळलं, आणि मग दुपारभर तोंडावर गार फडकं टाकून मढ्यासारखा पडून राहिलो. तुझी ताई एका हातानं वारा घालत होती आणि तोंडानं शेजारणीचा उद्धार करत होती.

लोकांच्या बोलण्याचं मला वाईट वाटतं रे. हसण्यावारी नेतो, पण वाटतं. पथ्यांनी चेहरा थोडा निवलाय, पण रविवारपर्यंत काही धड होत नाही. असो. तोंड आहे तिथे बोलणं आलंच. वडीलधाऱ्यांना नमस्कार, तुझ्या पोरांना पापा.

तुझा,
न पिताच बदनाम भावोजी

ता. क. रविवारी तू ये. पुढच्या खोलीत माझ्या खुर्चीवर तू बस आणि मामा या नात्यानं सगळी बोलणी कर. मी कामानिमित्त परगावी गेलोय असं सांग. दाढी करून ये, आणि आदल्या संध्याकाळपासून बाटलीला हात लावू नकोस.

आणखी ता. क. ताईनं मला हाकललंय असं समजू नकोस. तिला या पत्राचा पत्ताच नाही. ती म्हणते, 'बाप आहे, तोंड वर करून बसेल.' पोरही तेच म्हणते. मीच ठरवलंय. गेल्या आठवड्यात पोर आंघोळ करून बाहेर आली तेव्हा बघितलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना तोच रंग, तशाच बारीक रेषा. म्हणाली, 'गरम पाण्यानं झालं असेल, बाबा.' सुरुवातीला मीही हेच म्हणायचो. तिचं अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. तिला सांगावंसं वाटेल तेव्हा ती मुलाला सांगेल, तिच्या तोंडानं. पण त्या पार्लरवालीपुढे आम्ही दोघं शेजारी बसलो की कुणी काही सांगायची गरजच उरणार नाही.

अगदी शेवटचं. बाई खोदून खोदून विचारायला लागली, की वडील समोर का येत नाहीत, तर बेलाशक सांग की ते पितात. बाप पितो म्हटल्यावर लोक मुलीचं उलट कौतुक करतात, असल्या घरात किती गुणी निघाली म्हणून. तिच्या गालांकडे कुणी बघत नाही.