काकवी पोचली, विहीणबाई

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

कोल्हापूर, बुधवार

सौ. गौरव्वा विहीणबाईंना महादेवीचा शरणु शरणार्थ.

तुमचे गुडघे, भरमाप्पा पाव्हण्यांचा खोकला आणि गाभण म्हैस, तिन्ही ठीक असतील अशी आशा करते. (म्हशीची चौकशी शेवटी केली म्हणून राग नसावा. तुमच्या फोनात ती पहिली असते.) इकडं तुमचा जावई प्रभुलिंग कामात, मी देवात आणि तुमची सौंदर्या सातव्या महिन्यात. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणाल. तर शिरोळला फोन लावला की तुमच्या घरात स्पीकर लावतात आणि गुऱ्हाळातले गडीसुद्धा मध्येच सल्ला देतात. म्हणून लिहून काढलं आणि तुमच्या रिकाम्या कॅनबरोबर टेम्पोवाल्याच्या हाती देणार आहे.

काकवी पोचली. तिच्याबरोबर तुमचा निरोपही पोचला, की डॉक्टरीणबाईंनी साखर बंद केलीय, गुळाचं नाव घेतलेलं नाही. विहीणबाई, तुमचं डोकं वकिलाचं, उगाच गुऱ्हाळात अडकलं. मलाही ते पटलं होतं (आम्ही कोल्हापूरची माणसं, गुळाविरुद्ध ऐकून घ्यायची आम्हाला सवय नाही). पण डॉक्टरीणबाईंना विचारल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं नुसतं बघितलं. रक्ताला म्हणे साखर, गूळ, काकवी, मध सगळं एकच. गरोदरपणात पोटात बाळाची वार वाढते तशी काही बायकांना खाल्लेली साखर जिरेनाशी होते, त्यात पोरीचा काही दोष नाही. पण ती वाढलेली साखर बाळालाही पोचते. बाळ पोटात फार थोराड होतं, बाळंतपण अडतं, आणि जन्मल्यावर बाळाची साखर एकदम उतरू शकते. हे ऐकल्यापासून माझा जप मध्येच चुकतो आणि पहिल्यापासून धरावा लागतो.

घरी बोटातून थेंब काढून साखर बघायचं यंत्र आलं. सकाळी उपाशीपोटी बघायचं आणि जेवणानंतर परत बघायचं. त्यातच तुमची काकवी आलेली. खायची नाही हे कबूल, पण देवाला न दाखवता ठेवायची कशी? (देवाला डॉक्टरीणबाईंनी मनाई केलेली नाही.) सौंदर्यानं सकाळी अंघोळ करून वाटी भरली, नैवेद्य दाखवला, वाटीची कड बोटानं निपटली आणि ते बोट न चाटता, मोठ्या निश्चयानं, ओढणीला पुसलं. मग त्याच बोटाला सुई. यंत्रावर जो आकडा उठला तो बघून प्रभुलिंगनं आधी यंत्र उलटं धरून पाहिलं. मी विभूती लावली. सौंदर्या म्हणत होती, मला काही होत न्हाय, भूक लागलीया. तिचं कोण ऐकतो? रिक्षात घातली आणि निघालो. प्रभुलिंगनं रिक्षावाल्या पाव्हण्यांना सगळी हकीकत सांगितली, त्यांनी आपल्या मावशीची सांगितली, आणि मी तोवर इतक्या देवांना इतकं काही बोलून बसले की आता फेडताना त्यांच्याकडं सवलत मागावी लागणार. डॉक्टरीणबाईंनी एवढंच केलं की पोरीला साबणानं हात धुवायला लावले आणि परत थेंब घेतला. आकडा धपकन खाली. बोटाला तुमची काकवी होती. तुम्ही काकवीत पाणी घालत नाही, हे मात्र दवाखान्यात सिद्ध झालं.

हसून झालं, पण खाली आलेला आकडाही हवा त्यापेक्षा वरच होता. मग भात कमी केला, ज्वारीची भाकरी, उसळ, पालेभाजी वाढवली, थोडं थोडं आणि वेळेवर. जेवण झालं की रंकाळ्यावर फेरी. (भेळेच्या गाड्यासमोर रोज तिच्या चपलेचा बंद सुटतो, तो नीट लावायला तिला फार वेळ लागतो.) पण खरं सांगते, पोरीनं सगळं मनापासून पाळलं. जेवणानंतरचे आकडे उतरले, सकाळचे काही केल्या उतरेनात. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता झोपताना इन्सुलिन घ्यायचं.

पोरगी खुर्चीतच ताठ झाली. तुमचाच दाखला देऊन म्हणाली, “अव्वा म्हणत्या, सुई एकदा लागली की जन्माची लागली. आणि ह्ये यंत्र खोटं दाखवतंय, बघितलंय की आम्ही.”

डॉक्टरीणबाईंनी परोपरीनं समजावलं, की बहुतेकींची बाळंतपणानंतर सुटते, बाळाला त्याचा त्रास नाही, फक्त दीडेक महिन्यानं आणि पुढंही अधूनमधून तपासत राहायचं. आमच्या शेजारणीनं, सलमानं, तर आपली नाचरी मुलगीच आणून उभी केली, कारण तिच्या वेळी सलमानं सुई घेतली होती आणि आता सलमाला त्याची आठवणही येत नाही. सौंदर्यानं मुलीचा गालगुच्चा घेतला, सुईला नाही म्हणाली. नर्सनं मला टोचायला शिकवलंय. औषध फ्रिजमध्ये ताकाशेजारी तसंच बसून आहे.

बाकी सर्व ठीक. पाव्हण्यांना शरणार्थ, पोरांना आशीर्वाद, म्हशीला वैरण.

तुमची विहीण,
महादेवी

ता. क. मुद्द्याचं राहिलं. सुईचं तिला तुम्ही सांगा. या आत्तीनं सांगितलं तर तो सासूचा जाच, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तर तो त्यांचा धंदा, आणि तुम्ही सांगितलं तर तेवढंच खरं. याचं मला वाईट वाटत नाही, माझ्या आईचा शब्द मलाही असाच होता. पण फोनवर नको, गडी ऐकतील. स्वतः या आणि चार दिवस राहा.

आणखी एक. मूल होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, ही तुमच्या घरची रीत मला ठाऊक आहे. ती मोडा असं मी सांगणार नाही. ज्वारी, मूग, तूरडाळ बरोबर आणा, म्हणजे तुम्ही आपलंच खाल्लं. चूल माझी, शिधा तुमचा. (एकटीपुरतं शिजवणं बरं दिसत नाही, तेव्हा चौघांच्या हिशेबानं आणा.)

अव्वा, मी सौंदर्या. पत्र टेबलावर उघडंच होतं, वाचलं. माझ्यापायी आत्तींचा जप चुकतोय, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मग काल झोपताना सुई घेतली. मुंगी चावल्यासारखं झालं, तेवढंच. पण आत्तींनी सुई तीनदा पुढं नेली आणि तीनदा मागं घेतली, शेवटी त्यांचा हात मीच धरला. त्यांना धीर द्यायला कुणीतरी पाहिजे. ये.