भिंत निळी का पडते

४ मार्च

सेटवरून आजही रंगांच्या फायली आल्या — आमच्या एडिटिंगच्या मशीनने आजही वाचल्या नाहीत! शूटिंग करताना प्रत्येक शॉटला किती लाल, किती निळा हे तिकडे बोका ठरवतो (मिशांमुळे हे नाव) आणि ते आकडे शॉटबरोबर मला पाठवतो. त्याचं सॉफ्टवेअर वेगळं, माझं वेगळं. दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. आकडे बसले नाहीत की चित्र कोरं दिसतं — फिकट, धुरकट. दिग्दर्शक म्हणतो, सेटवर दिसलं तस्संच हवं.

मला काय, फिकटही चालतं. आई गेल्यापासून सगळंच चालतं.

५ मार्च

बाबांचा संध्याकाळचा फोन. म्हातारपणी का होईना, एकदाची भूमिका मिळाली — आमच्याच सिनेमात, दुकानदाराची. स्वारी खुशीत. "बरा आहे, जेवलो, झोपतो आता." मीही जेवले म्हणून सांगितलं. जेवले नव्हते.

७ मार्च

शेवटी बोक्याचे आकडे हाताने भरायला घेतले. डोकं लागत नाही, तेवढंच बरं.

दुकानाची भिंत पांढरी आहे. पण बाबा चित्रात आले की निळसर होते. गिऱ्हाईक एकटं असलं की पुन्हा पांढरी. बोक्याचा हात घसरला असेल.

८ मार्च

घसरला नाही. बाबांच्याच शॉटना निळा चढवलाय. आणि रोज थोडा जास्त.

९ मार्च

बोक्याचे आकडे काढून टाकले. भिंत पांढरी धरून कोरं चित्र स्वतः उजळलं. गिऱ्हाइकाचा चेहरा नेहमीसारखा. बाबा पिवळे. मेकअपखालूनही पिवळे. डोळेसुद्धा.

बसून राहिले. रडू यायला हवं होतं. आलं नाही.

१० मार्च

बोक्याला फोन केला. आधी लाइटवर ढकललं, मग सांगून टाकलं. बाबांनीच हात जोडले होते म्हणे — "मुलगी तिकडे रोज मला बघते. आईचं सगळं तिने एकटीने केलं, अजून सावरली नाही. शूटिंग संपलं की डॉक्टरकडे जातो, तोवर एवढं पिवळं काढा." निळा चढवला की पिवळं जातं. बाबा ठणठणीत, भिंत निळी!

बाकी कुणाला कसं दिसलं नाही, विचारलं. म्हणाला, सेटवर सगळे मॉनिटर बघतात, माणसाकडे कोण बघतं.

राग यायला हवा होता. तोही नाही.

११ मार्च

बाबांचा फोन. "बरा आहे, जेवलो —"

मी म्हटलं, बाबा, बोक्याचे आकडे मी काढून टाकले. मला तुम्ही कोरे दिसलात.

"किती दिसतंय?"

"बरंच."

"ये मग," म्हणाले. आईच्या आजारपणातही त्यांनी कधी कुणाला ये म्हटलं नव्हतं.

पिशवी भरली. अक्षर वाकडं येतंय. भीती वाटतेय. खूप वाटतेय. निघते.