चार अंश

३ मार्च, सकाळी ९
तपासणी खात्याचं पत्र आलं. या महिन्यात कधीही येतील. मागच्या खेपेचा 'क' दर्जाचा कागद अजून दारावर आहे. या वेळी नापास झालो की हॉटेलला टाळं, आणि टाळं निघाल्यावर हॉटेल मेहुण्याकडे, असं सासरेबुवांनी सुनावलंय. मी आणि मेहुण्याच्या हाताखाली? अशक्य. कंबर कसली आहे.

४ मार्च
भारीतला थर्मामीटर आणला. फ्रिजमध्ये ओल लागेल म्हणून घरी कपाटात ठेवला.
ही म्हणाली, फ्रिजचं दार लागत नाही, आधी माणूस बोलवा. हॉटेलचं किचन हीच बघते, त्यामुळे हिला किचनपलीकडचं दिसत नाही. दाराला खुर्ची टेकवली. विषय संपला.

७ मार्च, दुपारी ३
नियम असा की फ्रिजचं तापमान रोज रजिस्टरमध्ये लिहायचं. एका बैठकीत अख्खा महिना लिहून काढला. सगळीकडे ४ अंश, संशय नको म्हणून मधूनच ३.८. दोन रंगांची पेनं, एक चहाचा डाग. शेऱ्याचा रकाना ओकाबोका दिसत होता, म्हणून १९ तारखेला लिहिलं: 'आज तपासणी झाली. साहेब अत्यंत समाधानी.' माणसाला आत्मविश्वास हवा.

१० मार्च
खुर्ची सरकली. दूध नासलं. हिला रजिस्टर दाखवलं, ४ अंशच आहे. हिने आपल्या वहीत काहीतरी खरडलं. सामानाची यादी असणार.

१२ मार्च, सकाळी ११.२०
आले! साहेब नाहीत, बाई आहेत. आता १९ तारखेचं काय करू?

१२ मार्च, दुपारी ४
बाई १९ तारखेवर अडल्या. विचारलं, मी कशाने समाधानी झाले? म्हटलं, स्वच्छतेने. त्यांनी खुर्ची बाजूला केली. दार आपोआप उघडलं. थर्मामीटर मागितला. घरी सुखरूप आहे म्हणालो. त्यांनी स्वतःचा लावला. तेरा!
मग हिने वही पुढे केली. यादी नव्हतीच. 'दार लागत नाही. यांना सांगितलं. दूध फेकलं.' दुसऱ्या पानावर, 'यांना सांगितलं. चिकन फेकलं.' बाईंनी पानन् पान मोठ्याने वाचलं. म्हणाल्या, इथे कोणी आजारी पडलं नाही ते या वहीमुळे. टाळं नाही, दार दुरुस्त करायला चार दिवस. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यातून माझं नाव खोडून हिचं लिहिलं. मला फार लाज वाटली.

१३ मार्च
शांतपणे विचार केला. मेहुण्याला हॉटेल मिळालं नाही. म्हणजे योजना यशस्वीच.

१६ मार्च, सकाळी ८.१०
काल दार दुरुस्त झालं. दहा मिनिटांचं काम निघालं. हिने तीच खुर्ची फ्रिजसमोर मांडली, मला बसवलं, थर्मामीटर आणि कोरं रजिस्टर हातात दिलं. म्हणाली, तासातासाला लिहायचं. आधी बघायचं, मग लिहायचं.
८ वाजता ४ अंश.
९ चं अजून माहीत नाही.