मुक्ताच्या डोळ्यांना पाणी नाही

१२ जून, बुधवार
शाळा उघडली. यंदाही नववीचं विज्ञान माझ्याकडे. दुसऱ्या तासाला शिपाई धावत आला, मुक्ता पहिलीच्या वर्गात पडली. हात गार, दातखीळ. रिक्षाने हॉस्पिटल, श्री ऑफिसातून परस्पर आला. रक्तातली साखर इतकी कमी की सिस्टरने दोनदा तपासली. सलाइन लागल्यावर डोळे उघडले. म्हणाली, "आई, डबा राहिला माझा."

सुई टोचताना जोरात रडली. आयाबाई म्हणाली, "रोरी तो हैगी, पन आँखाँ में पानी नै."

ते आम्हाला जन्मापासून माहीत. आत्या कौतुकाने सांगत असते, धीराची पोर आहे, टिपूस काढत नाही.

१४ जून
डॉक्टरबाई सावकाश बोलतात. मुक्ताच्या बोटांची पेरं पाहिली, हिरड्या पाहिल्या. काळपट. मी उन्हाने म्हणत होते.
"जेवताना घास अडकतो?"
हो. प्रत्येक घासाला पाणी लागतं, तरी कधी कधी सगळं परत येतं. नखरे समजून एकदा मारलंय मी तिला.
मग कागदाची बारीक पट्टी खालच्या पापणीत पाच मिनिटं. घातली तशी कोरडी निघाली.
"नवरा-बायको नात्यातले का?"
श्री माझा आतेभाऊ. आत्याच माझी सासू. सांगितलं. त्यांनी मान हलवली, लिहून घेतलं.

२९ जून
रिपोर्ट. तिघांचं रक्त गेलं होतं. माझ्यात आणि श्रीमध्ये एका जनुकाची एकेक प्रत बिघडलेली, मुक्ताला दोन्ही तसल्याच मिळाल्या.

डॉक्टरांनी कागदावर पेशी काढली, आत केंद्रक. केंद्रकाच्या पडद्यावर ठिपके. "तुम्ही शिकवता ना हे? ही नुसती भोकं नाहीत, दारं आहेत. काय आत जायचं, काय बाहेर यायचं, इथे ठरतं." दार ज्या प्रथिनांचं बनतं त्यातलं एक मुक्ताचं चुकलंय. दुरुस्तीला लागणारी काही प्रथिनं केंद्रकात पोचत नसावीत, असा अंदाज. पुरतं कुणालाच माहीत नाही.

त्यामुळे अश्रू नाहीत, अन्ननलिकेचं खालचं तोंड उघडत नाही, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी थकलेल्या, म्हणून साखर उतरली. गोळ्या रोज तीनदा, जन्मभर. तापात दुप्पट, उलटी झाली तर लगेच इंजेक्शन. पुढे हातापायांच्या नसाही अशक्त होऊ शकतात. कधी? "सांगता येत नाही. होतीलच असंही नाही."

रिक्षात श्री एवढंच म्हणाला, "आपण दोघंही दिसायला किती धडधाकट."

३ जुलै
नववीला पेशी. 'केंद्रकपटलाला छिद्रे असतात.' पुस्तकात एवढंच वाक्य. इतकी वर्षं वाचून पुढे गेले. आज थांबले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मिस, छिद्रांतून काय जातं?"
उत्तर दिलं काहीतरी. फळ्याकडे तोंड करून.

२० जुलै, शनिवार
डॉक्टरांना घरातल्या सगळ्यांची माहिती हवी. कोण कुणाचं, कोण कशाने गेलं. मी कागद घेऊन आत्याजवळ बसले. "मला दोन मुलगे, लिही," म्हणाली आणि शेंगा सोलत राहिली.

दुपारी स्वतःच आली.
"श्रीच्या आधी एक होती. कुंदा."
मला माहीत नव्हतं. श्रीलाही नाही.
साडेतीन वर्षांची. ताप आला, उलट्या, दुसऱ्या सकाळी गेली. "ती पण अशीच कोरडं रडायची. तुझ्या मामंजींची आई म्हणायची, तू काजळ जास्त घातलंस, डोळे आटवलेस पोरीचे." मामंजी, म्हणजे माझे सासरे, आत्याचे सख्खे मामा. तेव्हा ती सासू म्हणजे आत्याची स्वतःची आजी.

"घातलं होतं गं मी काजळ. सुंदर दिसायची." चाळीस वर्षं हे घेऊन बसलेली. मुक्ताला काजळ लावू द्यायची नाही. मला वाटायचं, डॉक्टरांनी नको सांगितलंय म्हणून.

"मग काजळाने नव्हतं?"
"नाही, आत्या."
"नक्की?"
कुंदाचं रक्त आता कुठून तपासणार. हाच आजार होता असं नाही सांगता येत, म्हटलं. पण काजळाने कुणाचे डोळे आटत नाहीत.
मग ती रडली. पदर भिजेपर्यंत. मुक्ता शेजारी उभी राहून तिचे गाल बोटाने पुसत होती, बोट बघत होती. "आजी, तुझं कायकू निघतं?"

कागदावर कुंदाचं नाव लिहिलं. आत्याने वाचून पाहिलं.

११ ऑगस्ट
मुक्ताला ताप. गोळी दुप्पट दिली, अर्ध्या तासात उलटून पडली. ग्लानी. इंजेक्शन आम्ही संत्र्यावर शिकलो होतो. मी तिचा पाय धरून ठेवला. श्रीने दिलं, मांडीत. आत्या दाराशी देवाचं नाव घेत नव्हती, घड्याळाकडे बघून मिनिटं मोजत होती. हॉस्पिटलला पोचेपर्यंत पोरगी बोलायला लागली. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर दिलंत.
घरी आल्यावर आत्या म्हणाली, "आमच्या वेळी हे असतं तर."

२ सप्टेंबर, सोमवार
वजन दीड किलो वाढलं. अन्ननलिका फुग्याने रुंद करायची, पुढच्या महिन्यात. डोळ्यांत थेंब घालायला आता स्वतःच मान वर करते.

संध्याकाळी जिना उतरताना तिचा पाय दोनदा अडखळला. डावा. नव्या चपला आहेत, मोठ्या घेतल्या होत्या, तसंही असेल. चपला काढायला लावून पुन्हा उतरवून बघावं असं मनात आलं. नाही उतरवलं. हात धरून खाली आणली.

श्रीला अजून बोलले नाही.