बाईंची अर्धी राहिलेली टेप

बाई,

समोर मी तुम्हांला बाई कधी म्हटलं नाही. सगळ्यांसारखी नावानंच हाक मारायची, कारण तुमच्याकडे तशीच रीत होती आणि तुम्हांलाही तेच आवडायचं. मनात मात्र पहिल्या दिवसापासून बाईच. आमच्याकडे शिकवणारीला नुसत्या नावानं हाक मारली तर जीभ झडेल असं वाटतं. न्यू जर्सीतल्या त्या वाचनालयाच्या तळघरात तुम्ही आम्हां नव्यानं आलेल्या बायकांना इंग्रजी शिकवायचात. मी चांगली बी.ए. झालेली, पण फोन वाजला की तोंडाला कुलूप. एकदा वर्ग सुटल्यावर तुम्ही मला थांबवलंत आणि म्हणालात, "तुला बोलायची भीती वाटते, पण तू ऐकतेस छान. मला ऐकणारं माणूस हवं आहे." माझ्या ऐकण्याचं असं कौतुक माहेरी-सासरी कुणी केलं नव्हतं. मी लगेच हो म्हणाले.

काम होतं तुमच्यासारख्यांचं बोलणं टेप करायचं. हिटलरच्या राज्यातून आईबापांनी एकटंच बोटीवर चढवून अमेरिकेला धाडलेली ज्यू मुलं, जी ऐंशीच्या दशकात आता पन्नाशी-साठीला आली होती. ती थोडी थोडी करून आली, परक्यांच्या घरात वाढली, बहुतेकांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत. "आम्ही इतके गुपचूप आलो की कुणाच्या लक्षातच राहिलो नाही," तुम्ही म्हणायचात. "आमच्यानंतर हे सांगणारं कोण?" सगळ्यांना तुम्ही तुमच्या स्वयंपाकघरातच बोलवायचात, कारण दिवाणखान्यात माणसं भाषण करतात असं तुमचं मत. आधी फ्रिजची वायर काढायची, नाहीतर त्याची घरघर टेपवर येते. ती परत लावायची आठवण राहावी म्हणून तुम्ही गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायचात. तरी एकदा सगळं आइस्क्रीम वितळलंच आणि आपण दोघी ते वाटीत ओतून प्यायलो. त्या घरात मी इतकी हसलेही आहे, हे आता कुणाला खरं वाटणार नाही.

रागावलात तुम्ही एकदाच. एक उंच, सुटाबुटातले गृहस्थ बोलता बोलता रडायला लागले. मला राहवलं नाही. मी यंत्र बंद केलं आणि पाण्याचा पेला पुढे केला. ते पाणी प्यायले, सावरले आणि हवापाण्याचं बोलून निघून गेले. दार लागल्यावर तुम्ही म्हणालात, "तू त्याला मदत नाही केलीस. तू त्याला गप्प केलंस. इतकी वर्षं सगळ्यांनी हेच केलं. बोलणारा सांगेपर्यंत त्या बटणाला हात लावायचा नाही." मी मान खाली घालून ऐकलं. चूक पटली होती.

मग तुमची पाळी आली. सगळ्यांचं झालं आणि तुमचंच राहिलं होतं. रविवारची दुपार, फ्रिज बंद, यंत्र माझ्या बाजूला. तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला आहात आणि व्हिएन्नातलं घर, वडिलांचं टोप्यांचं दुकान, शाळेतून काढून टाकलं ते, सगळं वर्गात धडा सांगावा तसं सांगता आहात. मग बंदराकडे जाणाऱ्या गाडीचं स्टेशन येतं. "बाकीच्यांच्या आया म्हणत होत्या, आम्ही लवकरच येतो. माझी आई तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, मला येता येईल की नाही ठाऊक नाही. तुला फसवून पाठवणार नाही. हवं तेवढं रागव, पण एकदा माझ्याकडे बघ."

इथे मी बटण दाबलं. खट् झालं, ते लपवायला मी खोकले. तुम्ही वळून पाहिलंही नाहीत, बोलतच राहिलात. "मी नाही बघितलं. गाडी हलली तरी नाही. ती काचेवर टकटक करत होती आणि मी समोरच्या मुलीच्या बुटांकडे बघत होते. ते बूट अजून डोळ्यांसमोर आहेत. आईचा चेहरा मात्र फोटोत बघावा लागतो." मग तुम्ही म्हणालात, "झालं. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. आता पुन्हा नाही सांगणार." पुन्हा सांगा, असं म्हणायला तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी उठून फ्रिजची वायर लावली.

बाई, मला मूल नाही असं मी तुम्हांला सांगितलं होतं. माझी मुलगी तेव्हा नाशिकला माझ्या आईकडे होती. दीड वर्षाची असताना ठेवून आले होते. नवऱ्याची परीक्षा, माझी नोकरी, दोन खोल्यांचं भाड्याचं घर. आमच्यातल्या पुष्कळ जणांनी तसंच केलं, कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. घरातली वडीलधारी माणसं म्हणाली, "निजली आहे तोवर निघा. जागी झाली तर आकांत करेल. मूल आठ दिवसांत विसरतं." तिच्या मुठीत माझ्या पदराचं टोक होतं, ते मी एकेक बोट उलगडून सोडवलं आणि डोळा चुकवून निघाले. तुमच्या आईच्या मागे मरण होतं, माझ्यापुढे ग्रीन कार्ड. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात लिहायचीही मला लाज वाटते. पण जिच्यापाशी दुसरा मार्गच नव्हता, तिनं मुलीला समोर उभं करून खरं सांगितलं. ते मला त्या खुर्चीत बसून ऐकवेना.

पुढच्या वर्षी मुलगी आली. मला काकू म्हणायची आणि जेवताना दाराकडे बघत बसायची. तुम्हांला कुठून तरी कळलं आणि तुम्ही पिवळा रेनकोट घेऊन आलात, एक माप मोठा. मला वाटलं, आता विचारणार. चोराच्या मनात चांदणं. तुम्ही मला काहीच विचारलं नाहीत. तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलात आणि तिला न कळणाऱ्या इंग्रजीत म्हणालात, "तुझी आई रोज तुझ्याबद्दल बोलायची." खोट्याचा इतका तिटकारा असलेल्या तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

गेल्या महिन्यात एका संग्रहालयातून एका मुलीचा फोन आला. त्या सगळ्या टेपा आता जपून ठेवताहेत, शाळांतून ऐकवताहेत. तुमची टेप 'एकदा माझ्याकडे बघ' वर तुटते, पुढचं तुम्हांला आठवतं का, असं ती विचारत होती. न आठवून कसं चालेल? माझ्या मुलीनंच मला गाडीतून नेलं. मी माइकसमोर बसून बूट, काच, टकटक, सगळं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. शेवटी त्या मुलीनं विचारलं, टेप तिथे का थांबली? माझी मुलगी शेजारीच बसली होती. मी म्हणाले, कॅसेट संपली असेल.

परत येताना तिनं गाडीतला रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "आई, इट्स सो सॅड, तिनं बघितलंच नाही. तू मला आजीकडे ठेवून आलीस ना, तेव्हा मी... डिड आय लुक ॲट यू?"

"हो," मी म्हणाले. "बघितलंस की."

"डिड आय क्राय?"

"नाही. शहाण्यासारखी हात हलवत होतीस."

ती इतकी खूश झाली, बाई. घरी जाऊन तिनं आपल्या मुलांनाही ते सांगितलं.

तुम्हांला मराठी येत नव्हतं. माझ्या मुलीला बोलता येतं, वाचता येत नाही. मी हे इंग्रजीत लिहू शकले असते, तुम्हीच तर शिकवलंत.